झिजलेल्या वस्तूंचे दप्तर



दिवंगतांच्या स्मरणार्थ योजिलेल्या व्याख्यानमालेत स्मरणाच्याच एखाद्या साधनाविषयी बोलावे असे मनात आले, आणि म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी जो विषय घेतला आहे तो प्रथमदर्शनी किरकोळ वाटण्याजोगा आहे. आपल्या घरांत, गोठ्यांत, दुकानांत आणि वावरांत पिढ्यान्‌पिढ्या वापरून झिजलेल्या, गंजलेल्या, उन्हापावसाने विटून गेलेल्या नित्याच्या वस्तूंची छायाचित्रे काढावीत, आणि त्या छायाचित्रांचा एक खाजगी संग्रह करावा, हा तो विषय होय. या उद्योगात माझ्या आयुष्याचा बराच काळ गेला आहे. त्यातून मला जे दिसले आणि त्याविषयी माझे जे मत बनले, ते आज आपल्यापुढे ठेवावे एवढाच हेतू आहे.

सावनेरला येऊन या विषयावर बोलण्यास एक विशेष कारण आहे. २३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी यांनी याच गावी देह ठेवला. वय अवघे तेहतीस वर्षांचे. प्रकृती पूर्ण खालावलेली. आणि तशाही अवस्थेत ‘भावबंधन’ हे नाटक त्यांनी येथेच हातावेगळे केले. त्यांच्या शब्दांची जपणूक महाराष्ट्राने केली आणि या गावाने त्यांचे स्मारक उभारले, हे योग्यच झाले. परंतु १९१९ सालच्या सावनेरातील एखाद्या सामान्य घरात जे जे काही होते, म्हणजे रॉकेलचा कंदील, दौत आणि टाक, सुतळीने विणलेली बाज, पाणी तापवण्याचा बंब, ओसरीच्या कोपऱ्यातील जाते, माजघरातील धान्याच्या कणग्या, त्या सर्वांची जपणूक करावी असे कोणाच्या मनात आले नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते. कारण त्या वस्तू सर्वत्र होत्या, आणि जे सर्वत्र असते त्याची नोंद ठेवण्याची बुद्धी मनुष्याला सहसा होत नाही. ती वस्तू दिसेनाशी होऊ लागली म्हणजे मगच डोळे तिच्याकडे वळतात, आणि तोवर बहुधा भंगारवाल्याची गाडी गल्लीतून पुढे गेलेली असते.

आपल्या भागाचा सरकारी इतिहास लिहिण्यास साधनांची वाण नाही. मध्यप्रांताच्या बंदोबस्तापासूनची जमाबंदीची कागदपत्रे आहेत, मालगुजारांचे हक्क सांगणारे दस्तऐवज आहेत, गावच्या वहिवाटी नमूद करणारी वाजिब-उल-अर्ज आहेत, पटवाऱ्यांची दप्तरे आहेत. १९५१ साली मालगुजारी संपली, १९५६ च्या नोव्हेंबरात आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात, या प्रत्येक फेरबदलाचे कागद कोठे ना कोठे शाबूत आहेत. या सर्व कागदांत कोण आढळतो? ज्याच्या नावे जमीन होती तो आढळतो, ज्याने सारा भरला तो आढळतो, ज्याने फिर्याद केली आणि ज्याच्यावर फिर्याद झाली ते दोघेही आढळतात. परंतु ज्या बाईने त्या जमिनीतील ज्वारी चाळीस वर्षे पहाटे उठून दळली, ज्या सालदाराने तिच्यात वखर धरला, ज्या सुताराने त्या वखराला दर मृगापूर्वी नवी जानोळी बसवली, त्यांचे नाव कोणत्याही रकान्यात नाही. त्यांनी सही केली नाही, अंगठाही उमटवला नाही. त्यांच्या हाताची जी काही निशाणी उरली आहे ती वस्तूंवर उरली आहे. पाट्याच्या खोलगट पाठीवर, नांगराच्या रुमण्यावर, उखळाच्या तोंडावर. ही झीज म्हणजे निरक्षरांचे दप्तर होय असे मी मानतो, आणि कॅमेरा हे ते दप्तर उतरवून घेण्याचे साधन होय.

झीज झीज म्हणताना आपण दोन अगदी निराळ्या गोष्टी एकत्र करतो, आणि छायाचित्र काढणाऱ्याने त्या आरंभीच वेगळ्या करणे अवश्य आहे. एक झीज ऋतूंची आणि दुसरी हातांची. ऋतूंची झीज ही रसायनशास्त्राची बाब आहे. लोखंडाला ओलावा आणि हवेतील प्राणवायू यांचा संसर्ग घडला की त्यावर जो तांबूस थर चढतो तो सच्छिद्र आणि ठिसूळ असल्यामुळे आतील धातूचे रक्षण करू शकत नाही; त्याचे पापुद्रे सुटत जातात, खालचे कोरे लोखंड उघडे पडते, तेही गंजते, आणि अशा रीतीने कुंपणाला टेकवून ठेवलेले वखराचे पास काही पावसाळ्यांत पानाइतके पातळ होते. तांब्याची तऱ्हा याच्या उलट आहे. त्यावर येणारा काळपट आणि पुढे हिरवट होत जाणारा थर धातूला घट्ट धरून बसतो आणि आतल्या तांब्याला एक प्रकारचे कवच पुरवतो. सागवानाच्या दारावर ऊन पडत राहिले म्हणजे लाकडाच्या तंतूंना जखडून ठेवणारे जे लिग्निन नावाचे द्रव्य असते त्याचे सूर्याच्या अतिनील किरणांनी विघटन होते, पाऊस ते धुऊन नेतो, आणि मागे राहिलेले तंतू रुपेरी करड्या रंगाने उठून दिसू लागतात. लाकडाच्या वार्षिक वलयांतील मऊ भाग आधी खचतो, कठीण भाग उंच राहतो, आणि ज्या फळीला सुताराने रंध्याने गुळगुळीत केले होते तिच्यावर बोट फिरवले असता शिरा लागतात.

हातांची झीज मात्र रसायनाने समजत नाही. ती समजण्यासाठी काम समजावे लागते. आपल्याकडे भाजी चिरण्याची जी पावशी असते तिचेच पाहा. तिचे पाते सर्वत्र सारखे झिजत नाही; ज्या उंचीवर कांदा, वांगे, अंबाडीची जुडी येऊन टेकते तेथेच ते आत जाते, वर आणि खाली मात्र मूळची रुंदी शाबूत राहते, त्यामुळे जुन्या पात्याला चंद्रकोरीसारखा बाक येतो. तिच्या पाटावर जेथे पाय दाबून धरलेला असतो तेथील लाकूड काळे आणि तुळतुळीत होते, आणि ती तुळतुळीत जागा पाटाच्या कोणत्या अंगाला आहे हे पाहिले की ती बाई कोणता पाय दुमडून बसत असे तेही कळते. तिफणीच्या चाड्याचेही असेच आहे. पेरणीच्या वेळी चाड्यावर मूठ धरून जी बाई दाणे सोडीत चालते तिच्या मनगटाखालची कड घासून घासून इतकी मऊ झालेली असते की, बाकीच्या चाड्यावर वाकसाचे घाव अजून स्पष्ट दिसत असतानाही ती एक कड घोटलेल्या हस्तिदंतासारखी वाटावी. हा फरक ज्याला दिसला त्याने छायाचित्र काढावे. ज्याला केवळ ‘जुनी वस्तू’ दिसली त्याने थोडे थांबावे, त्या घरातील म्हाताऱ्या माणसापाशी बसावे, आणि वस्तू कशी धरीत असत ते एकदा करून दाखवावयास सांगावे.

जुन्या वस्तूंच्या संग्रहाचा प्रश्न आला म्हणजे महाराष्ट्रात एक नाव आदराने घ्यावे लागते. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करीत. १९२० च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवण्यास प्रारंभ केला, आणि पुढे अल्पवयात निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावाने तो संग्रह वाढवीत नेला. त्यांच्या पत्नी कमलाबाई या कार्यात त्यांच्या बरोबरीने उभ्या होत्या. १९७५ साली त्यांनी सर्व संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला; आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. राजेरजवाड्यांची शस्त्रे आणि जडजवाहीर जमवणारे पुष्कळ झाले, परंतु अडकित्ते, दिवे, दौती, पानाचे डबे, वज्र्या, स्वयंपाकघरातील भांडी, दारे आणि खिडक्या यांच्यामागे देशभर वणवण करणारा, आणि त्यापायी घरची चीजवस्तू खर्ची घालणारा असा मनुष्य विरळा. केळकरांनी जी दृष्टी दिली ती अशी की, सामान्य माणसाने रोज हाताळलेली वस्तूही सौंदर्याची आणि इतिहासाची मानकरी असते. ती दृष्टी नसती तर माझ्यासारख्याला या मार्गाची आठवणही झाली नसती.

तरीही केळकरांची वाट आणि छायाचित्रकाराची वाट एका ठिकाणी फुटते, आणि मला जे सांगावयाचे आहे ते त्या फाट्यावरच आहे. वस्तुसंग्राहकाला वस्तू तिच्या घरातून उचलावी लागते. त्यावाचून ती वाचणार नसेल तर त्याने ती अवश्य उचलावी. केळकरांनी उचललेल्या कितीतरी वस्तू अन्यथा मोडीत जाऊन वितळल्या असत्या. परंतु उचलली की वस्तूचे काम थांबते. दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात ठेवलेला अडकित्ता पुन्हा सुपारी कातरीत नाही. तो पुसला जातो, त्याला तेल लावले जाते, आणि त्याची झीज ज्या क्षणी तो कपाटात गेला त्या क्षणी गोठते. शिवाय तो ज्या खुंटीवर टांगलेला असे ती खुंटी, त्या खुंटीमागच्या भिंतीवर पडलेला त्याचा काळसर डाग, शेजारच्या कोनाड्यातली चुन्याची डबी, यांची संगती सुटते. छायाचित्रात वस्तू आपल्या घरीच राहते. तिचा ताबा बदलत नाही, तिची किंमत ठरवावी लागत नाही, घरधनिणीला तिच्यापासून दूर व्हावे लागत नाही, आणि चित्र काढून झाल्यावर त्याच पाट्यावर त्याच संध्याकाळी लसूण वाटला जातो. ज्यांच्याकडे जागा नाही, पैसा नाही आणि वस्तू मागून नेण्याचे धार्ष्ट्य नाही, त्या तुमच्याआमच्यासारख्यांना संग्रहाची ही एकच वाट मोकळी आहे. आणि मी तर म्हणेन की जिवंत वस्तूंच्या बाबतीत हीच अधिक न्यायाची आहे.

केळवद रस्त्यावरच्या एका खेड्यात मी एका पाट्याचे चित्र घेत होतो. त्या घरची वृद्ध माउली दारात उभी राहून पाहत होती. ‘ह्या झिजल्या पाट्याचा का फोटो काढता जी? सूनबाईचं मिक्सर चांगलं हाय, त्याचा काढा,’ असे ती म्हणाली. मी तिला विचारले की हा पाटा घरात कधीपासून आहे. तिने थोडा विचार केला. ‘माह्या सासूच्या सासूचा हाय म्हणतात. माह्या येळेस त्याले टाकी लावली तवा एवढा खोल नोयता.’ आणि मग ती खाली बसली, वरवंटा हाती घेतला आणि उगाच एकदा मागेपुढे फिरवला. मी पाट्याच्या दोन्ही काठांवर एक लाकडी पट्टी आडवी ठेवली तेव्हा मधोमध पट्टीखालून माझी दोन बोटे सहज आत गेली. काळ्या बेसाल्टसारख्या दगडात दोन बोटांचा खळगा! तो कोण्या पाथरवटाने कोरला नव्हता. चटणीने, मसाल्याने, आणि चार पिढ्यांतील चार बायकांच्या खांद्यांनी तो पाडला होता. त्या काठावरच्या पट्टीसह ते चित्र मी घेतले, कारण पट्टीवाचून त्या खळग्याची खोली कागदावर कळत नाही.

चित्र घेण्याच्या रीतीविषयी येथे थोडे विस्ताराने सांगतो, कारण या विषयात सद्हेतूने काम बिघडते ते बहुधा तपशिलात बिघडते. आपल्याकडे उन्हाळ्यात भर दुपारी चित्र घेणे व्यर्थ आहे. डोक्यावरचे ऊन सर्व खळगे भरून टाकते आणि झिजलेली वस्तू नवी असल्यासारखी सपाट दिसते. सकाळी सूर्य उगवल्यानंतरचा पहिला प्रहर, किंवा सायंकाळी तो कलल्यावरचा शेवटचा, या वेळी प्रकाश वस्तूच्या पृष्ठभागाला घासत जातो, आणि मग वाकसाचा प्रत्येक घाव, टाकीचा प्रत्येक टोचा, लाकडाची प्रत्येक शीर आपापली सावली घेऊन उभी राहते. पत्र्यावरचा आणि लोखंडावरचा गंज मात्र पावसाळी ढगाळ दिवशी उत्तम उमटतो. त्याचे रंग, नारिंगी, तपकिरी, जांभळट, हे उन्हात एकमेकांत मिसळून जातात आणि मऊ उजेडात सुटे होतात. पितळेच्या चकाकत्या भांड्यासमोर उभे राहिले तर त्यात आपलेच प्रतिबिंब येते, म्हणून ते दाराच्या आत सावलीत ठेवून बाहेरून येणाऱ्या उजेडात घ्यावे. आणि काही झाले तरी वस्तू धुऊ नये, घासू नये, चिंच लावू नये. आपल्या माणसांचे मन मोठे असते. फोटो काढावयाचा म्हटले की ती भांडी लख्ख करून आणतात. त्यांना नम्रपणे थांबवणे हेही या कामातील एक कौशल्यच आहे.

याच गावातील बाजारपेठेत एका किराणा दुकानात पाहिलेल्या लोखंडी वजनांविषयी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बिडाच्या षट्कोनी वजनाच्या तळाशी एक भोक असते आणि त्यात शिसे ओतलेले असते. हे शिसे दोन कामे करते. वजन घडवताना ते नेमके उतरावे म्हणून शिशाने कमीजास्त करतात, आणि त्याच मऊ शिशावर वैधमापनाचा निरीक्षक दर पडताळणीच्या वेळी आपला ठसा उमटवतो. त्या दुकानातील एका किलोच्या वजनाचे सहाही कोपरे गोलावले होते; अंक इतके पुसट झाले होते की बोटाने चाचपावे; परंतु तळाच्या शिशावर एकावर एक उमटलेले ठसे मात्र तिरप्या उजेडात स्पष्ट दिसत होते. वजन झिजते म्हणजे हलके होते, आणि हलके झालेले वजन गिऱ्हाइकाला तेवढ्याने कमी माल देते, म्हणूनच शासनाने ठराविक मुदतीने पडताळणीचा नियम केला. त्या ठशांत त्या तराजूची सारी कैफियत होती. आणि त्याच दुकानाच्या माळ्यावर, धान्याच्या पोत्यांमागे, जुनी पायली आणि कुडव पडलेले होते. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धती हळूहळू लागू होत गेली, नवे नाणे १ एप्रिल १९५७ रोजी आले, आणि पुढल्या काही वर्षांत शेर, पायली, मण ही मापे व्यवहारातून कायद्याने काढून घेण्यात आली. दुकानदाराच्या आजोबांनी ती मापे टाकून दिली नाहीत. कशाला ठेवली हे घरात कोणाला सांगता आले नाही, पण टाकली नाहीत. पायलीच्या कडेवर दाणे सपाट करण्यासाठी फळी फिरवून फिरवून जी चकाकी आली होती ती अजून तशीच होती.

जगात अन्यत्र या प्रकारचे काम ज्यांनी केले त्यांपैकी तिघांचा उल्लेख मी करीन. पॅरिसमध्ये यूजीन आतजे या छायाचित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९२७ साली आपल्या मृत्यूपर्यंत जुन्या शहरातील जिन्यांचे कठडे, दारांवरच्या लोखंडी कड्या, दुकानांची दर्शनी अंगे आणि फेरीवाले यांची हजारो चित्रे घेतली. स्वतःला तो कलावंत म्हणवीत नसे, चित्रकारांना उपयोगी पडतील असे दाखले पुरवणारा एवढीच त्याची भूमिका होती, आणि या नम्रतेमुळेच त्याचे काम टिकाऊ झाले असे मला वाटते. अमेरिकेत वॉकर इव्हान्स याने जुलै १९५५ मध्ये ‘फॉर्च्युन’ या मासिकात पकड, पाना, करणी अशा हत्यारांची चित्रे त्यांच्या किंमतींसह छापली. चित्रे अप्रतिम आहेत. परंतु ती हत्यारे दुकानातील कोरी होती, कोणाचाही घाम त्यांना लागलेला नव्हता, आणि म्हणून इव्हान्सच्या त्या पृष्ठांपाशी मी आदराने थांबतो, राहत नाही. जर्मनीतील बर्न्ड आणि हिला बेखर या दांपत्याने १९५९ पासून पुढे अनेक दशके खाणींवरचे उद्वाहक मनोरे, पाण्याच्या टाक्या, भट्ट्या यांची चित्रे ढगाळ उजेडात, समोरून, एकाच पद्धतीने घेतली आणि एका प्रकारची चित्रे शेजारी शेजारी मांडली. या मांडणीची शिकवण मोठी आहे. एक पावशी पाहिली तर ती एक पावशी असते. नऊ घरांच्या नऊ पावशा एका पानावर मांडल्या तर नऊ बायकांचे बसणे, चिरणे आणि नऊ लोहारांचा हात दिसू लागतो.

आपल्या देशात बडोद्याचे ज्योती भट्ट हे चित्रकार आणि मुद्राचित्रकार. १९६७ पासून त्यांनी गुजरातेतील खेड्यापाड्यांत भिंतींवरील चित्रे, अंगणातील रांगोळ्या, गोंदणे यांची छायाचित्रे घेण्याचे व्रत धरले. जे दर वर्षी पुसले जाते आणि दर वर्षी नव्याने लिहिले जाते त्याची नोंद कॅमेऱ्यावाचून होऊच शकत नाही, हे त्यांच्या कामाने सिद्ध केले. आमच्या नागपुरात १८६३ साली मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले; अजब बंगला म्हणून आपण सर्व लहानपणापासून ते ओळखतो. तेथे शिल्पे आहेत, नाणी आहेत, शस्त्रे आहेत. त्या दालनांतून हिंडताना मला नेहमी वाटत आले आहे की, जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या आणि कारागिराच्या घरातील सर्वसाधारण सरंजामाला तेथे याहून कितीतरी अधिक जागा मिळावयास हवी.

मराठीत तपशिलाच्या नोंदीची परंपरा नाही असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त श्रीचक्रधरस्वामी जेथे जेथे गेले ती स्थाने, त्यांची दारे कोणत्या दिशेला, कोणती शिळा कोठे, याचा किती बारकाईने तपशील दिला आहे हे ज्यांनी वाचले असेल त्यांना पटेल. श्रद्धेने केलेली ती नोंद आज इतिहासकाराला उपयोगी पडते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ लिहिला तेव्हा बलुतेदारांचे हक्क, कामे, शेतीची औते यांची जी हकीकत त्यांनी दिली तीही याच जातीची आहे. आम्हांला फक्त लेखणीच्या जोडीला भिंग घ्यावयाचे आहे.

येथे मला एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो गंभीर आहे आणि तो मला स्वतःलाही छळतो. झिजलेल्या वस्तूचे चित्र सुंदर येते. गंजाचे रंग सुंदर असतात, उन्हाने फाटलेले लाकूड सुंदर असते, आणि हे सौंदर्य पाहणाऱ्याला सहज अशा भ्रमात नेते की जुने ते सगळे गोड होते. जात्यावरच्या ओव्यांचे कौतुक करताना पहाटे तीन वाजता उठून दळणाऱ्या पाठीचे काय झाले हे विसरणे सोपे असते. गावात पिठाची चक्की आली तेव्हा जात्याचा आवाज थांबला, आणि तो थांबला म्हणून ज्या बायकांना दोन तास झोप अधिक मिळाली त्यांच्या दृष्टीने ती चक्की देवासारखी होती. मोट हाकणाऱ्याने विहिरीच्या धावेवर बैलांच्या मागे दिवसभर केलेल्या येरझारा, कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्याच्या पावड्याचा झिजलेला दांडा, जिनिंगमध्ये रुईच्या तंतूंनी भरलेल्या हवेत रेच्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईची टोपली, यांत मला रम्य असे काही दिसत नाही. परंतु म्हणूनच ती चित्रे घेतली पाहिजेत. ज्या वस्तूवर कष्ट लिहिलेले आहेत ती वस्तू नाहीशी झाली म्हणजे कष्टांचा दाखला नाहीसा होतो, आणि मग कोणीही म्हणावे की असे काही नव्हतेच. चित्राखाली दोन ओळी लिहाव्या लागतात त्या यासाठीच: वस्तूला त्या घरात काय म्हणतात, कोण वापरीत असे, दिवसाकाठी किती वेळ, केव्हा थांबली आणि कशामुळे. या ओळींवाचून ते चित्र शोभेच्या कॅलेंडरवर जाण्यापलीकडे कशाच्याही कामाचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सावनेरला या नोंदीची निकड इतर गावांहून अधिक आहे. नागपूरहून येणारा रस्ता येथे दुभंगतो, एक फाटा पांढुर्णा-बैतूलकडे आणि दुसरा सौंसर-छिंदवाड्याकडे जातो, आणि या दोन रस्त्यांनी माळव्याच्या आणि सातपुड्याच्या वस्तू, शब्द आणि कारागीर शतकानुशतके येथे येत राहिले. संत्र्यांचे बगीचे, कपाशी, कोळसा या तीन धंद्यांची तीन प्रकारची हत्यारे एकाच तालुक्यात नांदली. अडीच फुटी रुळांची जी छोटी गाडी नागपूर आणि छिंदवाडा यांच्या दरम्यान १९१३ पासून आपल्या गावावरून धावत होती ती रुंदीकरणासाठी २०१५ च्या अखेरीस थांबली. इंजिने आणि डबे यांची जतन करण्याजोगी सोय नागपूरच्या मोतीबागेतील छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात २००२ पासूनच झालेली आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु स्थानकावरील बाकाच्या ज्या फळीवर तीन पिढ्यांनी गाडीची वाट पाहिली त्या फळीची गुळगुळीत कड, तिकिटाच्या खिडकीचा नाण्यांनी घासलेला उंबरा, सामान ओढून ओढून खोबणी पडलेली फरशी, या गोष्टी कोणत्याही संग्रहालयाच्या यादीत बसत नाहीत. ज्या कोणा प्रवाशाने वा कर्मचाऱ्याने गाडी बंद होण्याच्या सुमारास तेथे चित्रे घेतली असतील त्यांनी ती शोधून काढावीत. पाठमोऱ्या माणसांच्या मागे, कोपऱ्यात, नकळत आलेला बाकही आज मोलाचा आहे.

संग्रह कसा ठेवावा याविषयी शेवटी थोडेसे. मोबाइलमधील चित्रांवर कोणी विसंबू नये. यंत्र बदलते, खाते बंद पडते, आणि दहा वर्षांनी उघडू म्हणून ठेवलेली फीत वा चकती दहा वर्षांनी वाचणारे यंत्रच मिळत नाही. निवडक चित्रांची कागदावर प्रत काढावी. मागे बॉलपेनने लिहू नये, शाई झिरपते; मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने गाव, घर, दिनांक, वस्तूचे त्या घरातील नाव आणि वापरणारीचे वा वापरणाऱ्याचे काम लिहावे. व्यक्तीचे नाव तिच्या संमतीनेच लिहावे. पहिली प्रत ज्याची वस्तू त्याला द्यावी, आणि ती नुसती पाठवू नये, नेऊन द्यावी; कारण प्रत हाती आल्यावर घरातील माणसे वस्तूविषयी जे बोलू लागतात ते चित्र घेताना कधीच बोललेली नसतात. दुसरी प्रत गावच्या वाचनालयात असावी. तिसरी आपल्यापाशी. केळकरांनी आपल्या संग्रहाची मालकी अखेरीस समाजाकडे सोपवली. आपला संग्रह तर आरंभापासूनच इतरांच्या वस्तूंचा आहे, तेव्हा तो आपला म्हणून कुलुपात ठेवण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.

दिवाळीपूर्वीची साफसफाई जवळ आली म्हणजे माळे रिकामे होतात आणि भंगाराचा भाव विचारला जातो. ज्यांच्या घरी चाडे, सरते, पायली, कुडव, जुनी पावशी, तान्ह्या पोळ्याचा चाके झिजलेला लाकडी बैल, कल्हई उडालेली भंडाऱ्याची पितळेची गुंडी असे काही असेल त्यांनी ते विकण्यापूर्वी या व्याख्यानमालेच्या कार्यवाहांकडे एक चिठ्ठी द्यावी एवढी विनंती आहे. वस्तू विकू नका असे मी म्हणत नाही. घरात जागा नसते आणि गरजही असते, हे मी जाणतो. फक्त एक सकाळ मला द्यावी, वस्तू जेथे आहे तेथेच असू द्यावी, तिच्यावरची धूळ पुसू नये, आणि ती वापरलेले कोणी घरात असेल तर त्या वेळी त्यांना घरी थांबवून घ्यावे.